मुकादम नसताना

अलीकडे ‘व्यक्तिमत्त्व विकास’ या नावाचा एक मोठा बाजार उभा राहिला आहे. कारखान्यात, बँकेत, महाविद्यालयात कोणी तरी गुळगुळीत वक्ता येतो आणि पहाटे उठण्याचे, रोजची टिपणवही ठेवण्याचे, मनाला आज्ञा देण्याचे धडे देऊन जातो. एकेक सूचना सुटी करून पाहिली तर तीत वावगे फारसे काही नाही. वावगे आहे ते गृहीतकात. माणसाची अडचण काय ती त्याच्या आतच असते, पगाराशी, पाळीशी वा घरभाड्याशी तिचा काही संबंध नसतो, असे हे गृहीतक आहे. समाजवादी कार्यकर्त्याला या बाजाराची थट्टा करून मोकळे होणे सोपे जाते. तथापि, स्वतःचा दिवस स्वतः कसा चालवावा हा प्रश्न थट्टेने सुटत नाही. तो त्याच्याही दाराशी उभा आहे.

स्वतःला घडविण्यास प्रथम वेळ लागतो, आणि तो कोणी दान म्हणून देत नाही. मुंबईच्या गिरण्यांत मुकादमाच्या मर्जीने नोकरी मिळे, त्याला दस्तुरी द्यावी लागे, आणि आठवड्याच्या सुट्टीचा ठिकाणा नसे. स्वतः गिरणीत नोकरी केलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून कामगारांच्या सभा भरविल्या, ‘दीनबंधू’तून लेखणी चालविली. 24 एप्रिल 1890 रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रिया बोलावयास उभ्या राहिल्या. त्याच वर्षीच्या जूनमध्ये मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. सुट्टीची गोष्ट सारे सांगतात. त्या दोन स्त्रियांना उभे राहण्यापूर्वी स्वतःच्या मनाशी काय झगडावे लागले असेल, याचा विचार क्वचितच होतो.

पुण्यातील कचरावेचक स्त्रियांचे उदाहरण अलीकडचे आहे आणि ते थोड्या विस्ताराने पाहण्याजोगे आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातील कार्यकर्त्या 1990 च्या सुमारास या स्त्रियांकडे साक्षरता घेऊन गेल्या. बायांना अक्षरांची तितकी निकड वाटेना. उकिरड्यात हात घालण्याऐवजी घरोघरचा सुका कचरा वेगळा केलेला मिळाला तर कष्ट वाचतील आणि चार पैसे अधिक सुटतील, असे त्यांचे म्हणणे पडले. शिकवावयास गेलेल्यांनी ते ऐकून घेतले. (शिकविणारी माणसे ऐकून घेतात, हे तसे दुर्मीळच.) बाबा आढाव यांच्या साथीने 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. ओळखपत्रे निघाली आणि पुढे महापालिकेने त्यांना मान्यता दिली. चोर समजून जिला हटकले जाई तिच्या हाती आता दाखविण्यासारखा एक कागद आला.

खरी कसोटी त्यानंतरची होय. 2008 पासून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा उचलू लागली. पाठीवर पोते घेऊन मिळेल त्या वेळी मिळेल त्या कुंडीकडे जाणाऱ्या बाईला आता ठरलेल्या वेळी ठरलेल्या दाराशी हजर राहावयाचे होते. महिन्याचे शुल्क मागावयाचे, न देणाऱ्या घराशी न भांडता आणि न लाजता बोलावयाचे, आपण आजारी पडल्यास बदली कोण जाईल ते जोडीदारणीशी ठरवावयाचे. यातले काहीही मुकादम करून देत नाही, कारण मुकादमच नाही. बाजारातील वक्ते ज्याला आत्मनेतृत्व म्हणतात ते येथे ढकलगाडीमागे चालताना दिसते. त्यामागे पंचायत आहे, पतसंस्था आहे आणि बायांनी एकमेकींना विचारलेला जाब आहे. एकटीच्या निश्चयावर हे उभे राहिले नसते.

यात सारे गोड आहे असेही नाही. ओला आणि सुका कचरा एकत्र बांधून दाराशी ठेवणारी सुशिक्षित घरे आजही आहेत, कराराच्या नूतनीकरणाची टांगती तलवार अधूनमधून डोक्यावर येते. पहाटे लवकर उठून ती दूर होत नाही. त्यासाठी मोर्चाच काढावा लागतो.

माथाडी कामगारांसाठी 1969 साली कायदा झाला तेव्हा मजुरी ठेकेदाराच्या खिशातून न येता मंडळाच्या नोंदीतून येऊ लागली. कायद्याने एवढे होते. मनातील मुकादम मात्र कायद्याने हटत नाही, आणि तो फक्त हमालाच्या मनात असतो असे समजण्याचे कारण नाही. ‘वरून निरोप आला नाही’ असे सांगणारा तालुक्याचा कार्यकर्ता कोणाची वाट पाहत असतो? सभा साडेपाचची, सुरुवात सातला. दोन वर्षे जमाखर्च वाचला गेलेला नाही. ठराव मांडणारा एक, अनुमोदन देणारा ठरलेला दुसरा. ज्या संघटनेत एकच माणूस साऱ्यांच्या वतीने विचार करतो ती त्याच्या आजारपणाबरोबर आजारी पडते. याला नेत्याचा अहंकार जितका जबाबदार, तितकीच बाकीच्यांची सोय.

धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. घंटा तुरुंगाची होती, दिवस मात्र त्या कैद्यांनी आपला करून घेतला. गुरुजी स्वतः शिक्षक, लेखणीचे धनी; दुसऱ्याचे बोलणे लिहून घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

शाखेच्या बैठकीचा वृत्तांत लिहिण्याची वेळ आली की नजर मात्र पुन्हा त्याच दोन-तीन नावांकडे वळते. अक्षर बरे नाही, सवय नाही, चुका होतील, अशी कारणे सांगितली जातात. जी बाई गेली कित्येक वर्षे सभेपूर्वी सतरंज्या घालते आणि सभेनंतर त्या उचलते, तिच्या हाती पुढील महिन्यापासून ती वही द्यावयास हरकत कोणती?