स्टिअरिंग थरथरते तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



महिला मंडळाच्या व्यासपीठावर मोटारीच्या चाकाविषयी बोलणे म्हणजे हळदीकुंकवाला हातात पाना घेऊन जाण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्यापैकी कितीतरी भगिनी आज स्वतः गाडी चालवितात. मुलांना शाळेत पोचविणे, सासूबाईंना दवाखान्यात नेणे ही कामे त्यांच्याच हातून होतात. तेव्हा हातातले स्टिअरिंग थरथरू लागले तर काय समजावे, हे ठाऊक असलेले बरे.

तक्रार बहुधा अशी असते. गावात गाडी गुणी मुलासारखी चालते. मोठ्या रस्त्याला लागून वेग ताशी ८० किलोमीटरच्या वर गेला, की स्टिअरिंगला कंप सुटतो. आणखी वेग वाढविला, तर कधी कधी तो कमीही होतो. घरी सांगावे, तर उत्तर मिळते, "तुझा हात अजून बसलेला नाही." भगिनींनो, न बसलेला हात सगळ्याच वेगांना न बसलेला असतो! ठरावीक वेगालाच येणारा कंप हा हाताचा दोष नव्हे. तो बहुधा चाकाच्या तोलाचा दोष असतो.

कपडे धुण्याच्या यंत्रात ओली चादर एका बाजूला गोळा झाली, की पिळताना यंत्र कसे धडधडते, ते आपण पाहतोच. चाकाचेही तसेच. टायर आणि रिम कितीही काळजीने केलेली असोत, त्यांचे वजन सगळीकडे तंतोतंत सारखे नसते. समजा, लहान मोटारीच्या टायरवर एका जागी ३० ग्रॅम, म्हणजे सहासात चहाचे चमचे साखरेइतके, वजन जास्त आहे. ताशी ९० किलोमीटर वेगाला ते चाक सेकंदाला सुमारे १३ फेरे घेते, आणि तेवढेसे वजन चाकाला सहा किलोंहून अधिक जोराने बाहेर ओढते. ही ओढ दर फेऱ्याला दिशा बदलत फिरते. वेग निम्मा केला, की ओढ चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे दीड किलोच्या आसपास येते. म्हणून गावात काही जाणवत नाही. शिवाय झोपाळ्याला त्याच्या लयीत हात लावला की झोका वाढतो, तसे चाकाचे धक्के गाडीच्या सांगाड्याच्या लयीशी जुळले, की कंप वाढतो. लय सुटली, की तो ओसरतो.

यावरचा उपाय म्हणजे चाकाचा तोल साधणे. त्यालाच आपण व्हील बॅलन्सिंग म्हणतो. चाक काढून यंत्राच्या दांड्यावर बसवितात आणि फिरवितात. आतल्या व बाहेरच्या बाजूला, कोठे आणि किती ग्रॅम वजन लावायचे, ते यंत्र दाखविते. त्या जागी रिमच्या कडेला वजन ठोकतात. मिश्रधातूच्या रिमला बहुधा चिकटवितात. आधी जुनी वजने काढावीत, रिमच्या आतला चिखल धुवावा, टायरच्या खाचांतले खडे काढावेत. वजन लावल्यावर चाक पुन्हा फिरवून दोन्ही बाजूंना शून्य आले, हे स्वतः पाहून घ्यावे. भाजी घेताना आपण तराजूचा काटा पाहतोच ना? चाक परत बसविताना नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत.

मात्र प्रत्येक थरथरीला हे एकच औषध नाही. कंप स्टिअरिंगला असेल, तर आधी पुढची चाके पाहावीत. आसनाला आणि पायाखाली असेल, तर मागची. फक्त ब्रेक दाबताच थरथर होत असेल, तर ब्रेकच्या चकत्या पाहाव्यात. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायरची एकच कड झिजत असेल, तर चाकांची दिशा जुळवावी लागते. ते अलाइनमेंटचे काम वेगळे. ते करून तोल साधत नाही. खड्ड्यात आदळून रिम वाकली असेल, तर नुसते वजन लावून भागत नाही. आणि टायरला फुगवटा आला असेल किंवा सावकाश चालवितानाही चाक डगमगत असेल, तर गाडी तेथेच थांबवावी. नट सैल असू शकतात. तेथे जिवाशी गाठ आहे.

नवा टायर घातला, पंक्चरसाठी टायर रिमवरून काढला, किंवा खड्ड्याचा जोरदार धक्का बसला, की तोल तपासून घ्यावा. एरवी दर दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करताना हे काम उरकते. खर्च थोडा आहे. टाळाटाळ केली, तर टायर जागजागी झिजतो, चाकाचे बेअरिंग आणि स्टिअरिंगचे सांधे लवकर खिळखिळे होतात, आणि चालविणारीचे हात शिणतात ते वेगळेच.

शेवटी एवढेच सांगते. डॉक्टरांकडे जाताना ताप केव्हा चढतो, किती चढतो हे आपण नेमके सांगतो. कारखान्यातही तसेच सांगावे: किती वेगाला, कोठे, ब्रेक दाबताना की न दाबता. "गाडी जरा हलते" म्हटले, तर हसून वाटेला लावतील. "नव्वदला स्टिअरिंग थरथरते, ब्रेकशी संबंध नाही" म्हटले, की कारागीर चाक उतरवील. आणि कोणी 'तुम्हांला भीती वाटत असेल' म्हणाले, तर त्यांना शेजारी बसवून त्या वेगाने, मोकळ्या रस्त्यावर, नियमांत राहून गाडी चालवून दाखवा. काही भगिनींनी अशा थरथरीपायी गाडी चालविणेच सोडले. थोड्या ग्रॅमांच्या उणिवेपायी एवढा स्वावलंबनाचा मार्ग बंद होऊ देऊ नका.