बुटातली सुरी आणि तिचे वय



शिवनेरीच्या पायथ्याशी उभे राहून जुन्या हत्यारांविषयी बोलावयाचे म्हणजे श्रोत्यांची अपेक्षा आधीच ठरलेली असते. भवानी तलवार, वाघनखे, पट्टा ह्यांच्या कथा आज ऐकावयास मिळतील असे ज्यांना वाटले असेल त्यांची आम्ही प्रथमच क्षमा मागतो. आज आम्ही बोलणार आहोत ते एका सुरीविषयी. तीही राजाची नव्हे, आंबेगाव तालुक्यातल्या एका शेतकरी घरातली. बुटाच्या गळ्यात खोवून ठेवता येईल एवढीच ती आहे.

त्या घरची दोन माणसे एका संध्याकाळी आमच्याकडे आली. जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या, म्हणजे हुतात्मा बाबू गेनू सागराच्या पाण्याखाली गेले, तेव्हा तिथून उठलेले हे कुटुंब. पंचात गुंडाळलेली सुरी त्यांनी आमच्यापुढे ठेवली आणि सांगितले, “गुरुजी, शिवनेरीच्या किल्लेदाराने आमच्या मूळ पुरुषाला ही दिली. एक व्यापारी चांगले पैसे द्यायला तयार आहे. फक्त त्याला स्टॅम्पपेपरवर लिहून हवंय, की ही शिवकालीन आहे आणि पिढ्यान् पिढ्या आमच्याच घरात आहे.” घरातल्या मुलीची नर्सिंगच्या शिक्षणाची फी भरावयाची होती. तेव्हा प्रश्न नुसत्या हौसेचा नव्हता. पैशाचाही होता आणि सहीचाही.

आता हत्याराचे वय कसे ठरवावयाचे? पुष्कळांची समजूत अशी की गंज जितका दाट तितके हत्यार जुने. ह्यात काही अर्थ नाही. भीमाशंकरच्या अंगाला जो पाऊस पडतो, त्यात उघडे टाकलेले नवे कोयतेही दोन पावसाळ्यांत पणजोबांच्या काळचे दिसू लागतात. उलट, तेल लावून जपलेली दोनशे वर्षांची कट्यार काल घडवल्यासारखी झळकते. ही गंजाची समजूत विकणाऱ्यांना चांगली ठाऊक असते. नव्या पात्याला तेजाब पाजून ते म्हातारे करण्याची विद्या आपल्या बाजारांत चांगलीच मुरलेली आहे.

दुसरी समजूत अशी, की सगळ्या हत्याराचे वय एकच असते. तेही खरे नाही. आपल्याकडच्या कित्येक कट्यारींचे पाते युरोपातले आणि मूठ इथली असते. पोर्तुगीज व इतर व्यापाऱ्यांनी आणलेली परदेशी तलवारीची पाती, ज्यांना आपले लोक फिरंग म्हणत, ती मोडली म्हणजे टाकून देत नसत. चांगले पोलाद कोण टाकील? त्याच्या तुकड्याला टोक काढून कट्यारीची मूठ जोडीत. अशी कट्यार हाती आली तर पात्यावरची पन्हळ पाहावी. कट्यारीसाठीच घडवलेल्या पात्यात पन्हळी टोकाच्या आकाराला धरून निमुळत्या होतात. तलवारीतून कापलेल्यात त्या सरळ येतात आणि टोकापाशी एकदम घासून तुटतात. म्हणजे एकाच वस्तूला दोन जन्म झाले. तिसरा जन्म म्यानाचा. मखमल आणि लाकूड पोलादाइतके टिकत नाही, ते बदलावेच लागते.

ह्याचा सर्वांत मोठा दाखला आपल्या शेजारीच टांगलेला आहे. भीमाशंकरच्या देवळापुढची मोठी घंटा आपण सर्वांनी पाहिली आहे. तिच्यावर १७२९ हे साल आहे. ती आली मात्र चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली त्यानंतर. नाना फडणिसांच्या मेणवलीला जी तशीच घंटा आहे तिच्यावर १७०७ आहे. वस्तूवरचे साल हे तिच्या जन्माचे असते. ती आपल्या दारात केव्हा आली, कोणाच्या हातून आली, हे साल सांगत नाही. त्यासाठी वेगळा पुरावा लागतो.

आणि पुरावा म्हटला की पेटीवरचा मजकूरही सावधपणेच वाचावा. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून जी वाघनखे साताऱ्यास आली, त्यांच्या पेटीवर इंग्रजीत लिहिलेले आहे की ही ग्रँट डफला तो साताऱ्यास रेसिडेंट असताना पेशव्यांच्या प्रधानाकडून मिळाली आणि ह्यांनी शिवाजीने मोगल सरदारास मारले. अफझलखान मोगलांचा नव्हे, आदिलशहाचा सरदार होता, हे इथला चौथीतला मुलगाही सांगेल. १६५९ साली प्रतापगडावर वापरलेली ती हीच, असे ठामपणे सांगता येत नाही, हे ते संग्रहालयही म्हणते. पेटीवरचा मजकूर लिहिणाऱ्याला काय वाटत होते एवढेच आपल्याला सांगतो. वस्तूला मात्र खोटे बोलता येत नाही, ती फार तर गप्प बसते.

असो. आपली सुरी बोलकी होती. तिचे पाते सुमारे सात इंच, अरुंद, दुधारी, मधोमध उंच कणा असलेले, म्हणजे आडवे कापले असता शंकरपाळ्याच्या आकाराचे. मूठ लाकडाची नव्हे, शिंगाची नव्हे, साच्यात ओतलेल्या मिश्रधातूची. तिच्यावर वरपासून खालपर्यंत एकसारख्या कड्या. मुठीच्या डोक्यावर एक लहानशी चाकी. ती आम्ही हलकेच फिरवली, तर फिरली. आत आटे होते! यंत्रावर पाडलेले, एकाला एक जुळणारे आटे. शिवकालातला लोहार कितीही कुशल असला तरी असले आटे पाडीत नसे. तो मूठ राळेने नाही तर खिळ्याने बसवी. किल्लेदार तिथेच संपला. पण हे आम्ही त्या दोघांना लगेच बोललो नाही.

आडव्या पट्टीवरची घाण मऊ फडक्याने पुसली तेव्हा एक बाण उमटला, आणि शेजारी एक अक्षर व एक आकडा. हा तीन रेघांचा बाण म्हणजे इंग्रज सरकारच्या मालकीची खूण. हिंदुस्थान सरकारच्या मालावर ह्याच बाणाखाली इंग्रजी आय हे अक्षर असे. ते इथे नव्हते, म्हणजे सुरी विलायती. शांघायच्या पोलिसांत नोकरी केलेल्या फेअरबेर्न आणि साइक्स ह्या दोन इंग्रजांनी कमांडो सैनिकांसाठी ही जात १९४० च्या अखेरीस आखली आणि विल्किन्सन स्वोर्ड कंपनीने १९४१ पासून ती घडवली. पहिल्या नमुन्याची आडवी पट्टी नागमोडी आहे, दुसऱ्याची सरळ. कड्यांची ओतीव मूठ तिसऱ्या नमुन्याची. तो १९४३ च्या सुमारास आला, कारण युद्धात पितळ आणि कारागिराचा वेळ दोन्ही महाग झाले होते. युद्धानंतर विक्रीसाठी केलेल्या पुष्कळ सुऱ्यांवर इंग्लंड असा ठसा असतो. आमच्या पुढच्या सुरीवर तो नव्हता, बाण होता. तेव्हा १९४३ ते १९४५ ही तिची जन्मवेळ आम्ही नक्की केली. कातडी म्यानाच्या दोन्ही अंगांना कपड्याला शिवण्यासाठी ठेवलेल्या पाकळ्यांपैकी दोन अजून शाबूत होत्या. अशी सुरी कोणी पट्ट्याला लावी, कोणी पोटरीशी बुटात खुपशी.

एक गोष्ट मात्र आम्हाला उलगडेना. दुधारी सुरीची एकच धार सहाणेवर घासघासून झिजली होती. दुसरी जवळजवळ कारखान्यातून आली तशी. लढणारा माणूस असे करीत नाही.

आम्ही विचारले, “तुमच्या घरातून लष्करात कोणी गेले होते का?” दोघांनी एकमेकांकडे पाहिले. आजोबांचे थोरले भाऊ होते म्हणे, लग्न केले नाही, लवकर वारले. फोटो नाही. धरणाच्या वेळी घर हलवले तेव्हा त्यांची एक ट्रंक आली, ती माळ्यावर आहे. सुरी त्यातच सापडली होती! म्हणजे किल्लेदाराची कथा ट्रंकेपेक्षा नवी होती. व्यापाऱ्याने विचारले आणि घराने उत्तर दिले, एवढाच तिचा इतिहास. ह्यात त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानंतर कित्येक घरांनी तलवारी विहिरीत टाकल्या, आढ्यात लपवल्या. त्यांच्याबरोबर खऱ्या हकीकतीही लपल्या, आणि रिकाम्या जागेत कोणीतरी काहीतरी भरतेच.

चार दिवसांनी आम्ही त्यांच्या घरी गेलो. ट्रंकेत लष्करातून सुटका झाल्याचे पुस्तक होते, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, आणि एक सहा टोकांचा कांस्याचा तारा, फितीवर लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल असे पट्टे. हा इटली स्टार. त्यावर नाव नव्हते, पण पुस्तकात होते. ज्या मोहिमेत १९४४ साली यशवंत घाडगे ह्यांनी प्राण देऊन व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, आणि १९४५ च्या एप्रिलात सेनियो नदीवर शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनी तोच मान मिळवला, त्याच मोहिमेत ह्या घराचा मुलगा होता आणि घराला त्याचा पत्ता नव्हता. सुरी १९४३ ते ४५ ची आहे एवढे सुरीने सांगितले. ती कोणाची हे ट्रंकेने सांगितले. एकीवाचून दुसरीचा निकाल लागला नसता. सुटी सुरी मुंबईच्या चोरबाजारातूनही येऊ शकते.

कोपऱ्यात नव्वदी उलटलेल्या आजी बसल्या होत्या, त्या माणसाच्या धाकट्या भावजय. नातवाने सुरी त्यांच्या हातात दिली. त्यांनी बोटाने झिजलेली धार चाचपली आणि म्हणाल्या, “ही व्हय? मोठं दाजी हिनंच पोरास्नी ऊस सोलून द्यायचं. रोज सहाणेवर घासायचं. बाहेर ओट्यावर बसून.”

इथे एक विनंती मध्येच करून ठेवतो, कारण नंतर राहून जाते. घरात असे काही सापडले तर चिंच, राख, विटेचा चुरा, वाळूचा कागद ह्यांपैकी काहीही लावू नका. बाणाचा ठसा केसाएवढा खोल असतो. एका दिवाळीच्या घासण्यात तो जातो आणि वय कायमचे जाते. कोरड्या फडक्याने पुसा, किंचित तेल लावा, आणि विकण्याआधी जाणत्याला दाखवा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, परवानगीवाचून देशाबाहेर जाऊ शकत नाही. ही सुरी त्या हिशेबाने अजून लहान आहे.

व्यापाऱ्याला आम्ही सांगितलेले साल कळवले तेव्हा त्याने पहिल्या रकमेच्या दहाव्या भागाची तयारी दाखवली. स्टॅम्पपेपर कोराच परत गेला. मुलीची फी दोन हप्त्यांत भरली, त्यासाठी एक गाय विकावी लागली. मुलीनेच सुटकेच्या पुस्तकातला शिपाई क्रमांक वहीत उतरवून घेतला आणि बेळगावच्या रेजिमेंट केंद्राला पत्र लिहिले. आम्ही निघालो तेव्हा ती आजींना विचारीत होती, मोठे आजोबा दिसायला कसे होते.