गाडी विकली, पण नाव उतरलं का?

आमची जुनी फोर बाय फोर जीप विकली, पैसे मोजून घेतले, चावी दिली. वर्षाने अपघाताच्या दाव्याची नोटीस सासऱ्यांच्या नावे आली! नव्या मालकाने विमा भरला नव्हता, आरसी बुकावर नाव आमचंच. कायदा नोंदीवरच्या मालकाला धरतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं.

म्हणून विकणारीने १४ दिवसांत फॉर्म २९ आरटीओत द्यावा, फॉर्म ३० वर दोघांच्या सह्या घ्याव्यात. घेणारीने आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघावा, विमा १४ दिवसांत नावावर करावा. भुसभुशीत रानात चालवून पुढची चाकंही ओढतात का, तेही बघा. आधी कागद, मग चावी.