घरातला कायदा आणि विधिमंडळ: पाटसकरांच्या निमित्तानं

हरि विनायक पाटसकर हे नाव आज आठवतं ते सीमाप्रश्नामुळे. खेडं हा घटक धरून सीमा आखावी, हे 'पाटसकर सूत्र' सीमेवरच्या अक्कलकोट किंवा जतच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पण 1955 साली हिंदू विवाह कायदा आणि 1956 साली हिंदू वारसा कायदा लोकसभेतून पार नेणारे मंत्रीही हेच, ही त्यांची ओळख मागं पडली. इंदापूरला जन्म, चाळीसगावात वकिली, मुंबई विधिमंडळ, संविधान सभा, मग जळगावचे खासदार आणि कायदा खात्याचे मंत्री. या क्रमातच आजचा मुद्दा आहे. लग्न, काडीमोड, वाटणी यांचा कायदा दिल्लीत पक्का होण्याआधी राज्यांच्या विधिमंडळांत पारखला गेला आहे. म्हणून घरातले दावे जवळून पाहिलेला, त्यांतलं कायद्याचं अंग जाणणारा माणूस आमदार म्हणून तिथं लागतो.

याचा पुरावा खुद्द 1955 च्या कायद्यात आहे. त्याच्या शेवटच्या, तिसाव्या कलमानं काही जुने कायदे रद्द केले. त्यांत पहिले दोन मुंबईचे होते: 1946 चा द्विभार्याप्रतिबंधक कायदा आणि 1947 चा हिंदू घटस्फोट कायदा. पुढे मद्रास आणि सौराष्ट्रचे. दिल्लीत हिंदू कोड बिलावर रण माजलं, 1951 साली डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपद सोडलं. त्या काळात मुंबई राज्यात एकपत्नीत्वाचा कायदा अमलात होता आणि कोर्टात टिकलाही होता. हा कायदा फक्त हिंदूंनाच का, असा आक्षेप नरसू आप्पा माळी खटल्यात आला, तेव्हा न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी 1951 मध्ये सांगितलं की सुधारणा टप्प्याटप्प्यानं करायला राज्याला मुभा आहे. घटस्फोट आपल्या संस्कृतीत नाही, या ओरडीलाही तालुक्याच्या कोर्टात बसणारा वकील फसणारा नव्हता. कष्टकरी जातींत काडीमोड आणि पाट (पुनर्विवाह) पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते आणि 1955 च्या कायद्यानं रूढीनं मिळणारा काडीमोड कायम ठेवला.

वारसा कायद्यात मात्र पाटसकरांच्या सरकारनं मोठी तडजोड केली. वडिलोपार्जित मिळकतीतला जन्मसिद्ध हिस्सा मुलग्यांकडेच राहिला. हिशेब मांडून पाहा. आई हयात नाही. वडील, एक मुलगा, एक मुलगी आणि चार एकर वडिलोपार्जित जमीन. वडील वारल्यावर आधी कागदोपत्री वाटणी धरायची: दोन एकर वडिलांचे, दोन मुलाचे. मग वडिलांचे दोन एकर भावाबहिणीत सारखे. मुलाच्या पदरी तीन एकर, मुलीच्या एक. शिवाय राहतं घर वाटून मागायचा अधिकारही तिला नव्हता. ही तडजोड केली नसती तर कदाचित कायदाच झाला नसता, हे मान्य केलं तरी तिची किंमत मुलींनी मोजली.

ही चूक दुरुस्त करायला सुरुवात कुणी केली? पुन्हा राज्यांनीच. केरळनं 1975 मध्ये एकत्र कुटुंबाची पद्धतच रद्द केली. आंध्र, तमिळनाडू, कर्नाटक यांनी मुलींना सहदायाद, म्हणजे जन्मानंच हिस्सेदार, केलं. महाराष्ट्रानं 1994 मध्ये, महिला धोरणाच्या वर्षी. संसद 2005 मध्ये जागी झाली. 1956 पासून मोजलं तर 49 वर्षांनी.

यावर रास्त आक्षेप असा की राज्यागणिक वेगळा कायदा म्हणजे गोंधळ. महाराष्ट्राच्या 1994 च्या कायद्यानं 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. एकाच घरातल्या दोन बहिणींत लग्नाच्या तारखेवरून भेद झाला. हा अन्यायच होता, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीनं नेमकी ही अट ठेवली नाही. राज्यात केलेल्या कायद्याची खोट सगळ्यांना दिसते आणि पुढचा कायदा सुधारतो. संविधानानं लग्न, वारसा आणि वाटणी समवर्ती सूचीतल्या पाचव्या नोंदीत ठेवल्या आहेत. केंद्राच्या कायद्याहून वेगळं काही करायचं तर राष्ट्रपतींची संमती लागते, म्हणून राज्यं बिचकतात. अधिकार मात्र आहे.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे: कायदा झाला, पण बहिणीला जमीन मिळाली का? सोलापूर शहराच्या जुळे सोलापूर भागात राहणाऱ्या कित्येक घरांची शेती अजून मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोटकडे आहे. वडील गेले की तलाठ्याकडे वारस नोंद होते, सातबाऱ्यावर बहिणींची नावं चढतात आणि दिवस-कार्य आटोपतं न आटोपतं तोच हक्कसोडपत्राचा कागद पुढे येतो. माहेर तुटेल या धास्तीनं सही होते. कायदा इथं हरतो हे खरं. पण तो हरतो ती जागा नोंदणीची आहे, आणि नोंदणीबाबत राज्याला दुरुस्ती करता येते. मृत्यूनंतर वर्षभर वारसांमधलं विनामोबदला हक्कसोडपत्र नोंदवू नये, आणि नोंदवताना बहिणीला एकटीला बसवून तिच्या हिश्श्याची किंमत तिच्या भाषेत, मराठी, कन्नड किंवा तेलुगूत सांगावी, एवढी दुरुस्ती विधिमंडळ करू शकतं. पुढच्या निवडणुकीत मत मागायला जो कोणी या भागात येईल, त्याला रस्ता आणि पाणी विचाराच. त्याबरोबर हक्कसोडपत्राबद्दल तो कोणतं विधेयक मांडणार आहे, हेही विचारा.