कळेल अशा भाषेत विचारा

आज आम्ही अमेरिकेतल्या स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांविषयी सांगणार आहोत. तिथं घरात स्पॅनिश बोलणारे चार कोटींहून जास्त लोक आहेत.

1980 साली फ्लोरिडात अठरा वर्षांच्या एका मुलाला बेशुद्ध अवस्थेत इस्पितळात नेलं. घरचे क्यूबाचे. ते म्हणाले, ‘इन्तोक्सिकादो’. म्हणजे खाण्यापिण्यातून काहीतरी बाधलंय. डॉक्टर समजले, नशेची औषधं जास्त घेतलीत. खरं तर मेंदूत रक्तस्राव होत होता. योग्य उपचारांना उशीर झाला आणि मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले.

उपचारात एक शब्द इतका महाग पडतो, मग संशोधनात काय होत असेल?

अपघात झाला, हृदय बंद पडलं, तर बेशुद्ध माणसाची संमती कशी घ्यायची? म्हणून 1996 पासून तिथं एक नियम आहे. जीव धोक्यात असेल आणि विचारायला वेळच नसेल, तर कडक अटींवर संमतीशिवायही रुग्णाला अभ्यासात घेता येतं. त्यातली महत्त्वाची अट अशी, की आधी त्या भागातल्या लोकांशी बोलायचं आणि अभ्यासाची जाहीर माहिती द्यायची. काही अभ्यासांत, ज्यांना नको असेल त्यांना तसा पट्टा मनगटात घालता येतो.

पण ही माहिती फक्त इंग्रजीत निघाली तर? स्पॅनिश आजीला अभ्यासाचा पत्ताच नाही, मग ती ‘नको’ कधी म्हणणार? उलट जिथं आधी संमती लागते, तिथं स्पॅनिश कागद नाही, दुभाषी नाही, म्हणून तिला वगळलं जातं. मग नवं औषध तिच्यासारख्यांना कसं लागू पडतं, हे कळायचं कसं? दोन्हीकडून तोटा तिचाच.

उपाय अवघड नाहीत. स्पॅनिश रेडिओवर, चर्चमध्ये, बाजारात जाऊन बोलावं. फॉर्म स्पॅनिशमध्ये असावा. रात्री-अपरात्रीही फोनवर शिकलेला दुभाषी मिळावा. घरातल्या पोराला दुभाषी करू नये, कारण घाबरलेलं पोर काय आणि किती सांगणार?

मैत्रिणींनो, आपल्याकडेही 2019 च्या नियमांप्रमाणे औषधचाचणीची माहिती समजेल अशा भाषेतच द्यावी लागते. तेव्हा कुणी कागद पुढं केला, तर आधी म्हणा, ‘मराठीत समजावून सांगा.’ समजल्यावरच हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. दोन्ही आपल्या हक्काचं आहे.