अन्व्याचे देऊळ आणि पाथरवटाचे श्रेय



भोकरदन तालुक्यातील अन्वा येथील महादेवाचे देऊळ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. नक्षीदार खांबांचा सभामंडप, गाभाऱ्यात पिंड. बाहेरच्या भिंतींवर मात्र विष्णूची आयुधे घेतलेल्या स्त्रीमूर्ती, म्हणजे त्याच्या शक्ती. म्हणूनच मूळ देऊळ विष्णूचे असावे, असे जाणकार मानतात.

लोक त्याला ‘हेमाडपंती’ म्हणतात. हेमाद्रिपंडित हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. महादेवाची कारकीर्द १२६१ ते १२७१ ची. देऊळ बाराव्या शतकातले मानतात. मग प्रधान जन्मण्यापूर्वीच्या कामाचे श्रेय प्रधानाला कसे?

आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. आम्हांला हा हिशेब ओळखीचा वाटतो. चुन्यावाचून दगडावर दगड तोलायचा, तर प्रत्येक सांधा छिन्नीने जुळवावा लागतो. ही विद्या पाथरवटाच्या हातात होती. त्याचे नाव आपल्यापर्यंत पोचले नाही.

तेव्हा मुलांना देऊळ दाखवाल, तेव्हा प्रधानाच्या नावावर थांबू नका. सांध्यावर बोट ठेवा आणि सांगा, ‘हे पाथरवटाचे काम.’ एवढी मजुरी तरी आपण त्याला देणे लागतो.