शिक्षण संपले, परवाना कधी?



गावातला मुलगा, किंवा अलीकडे मुलगीही, कॅनडात शिकायला गेली की पारावर पहिला प्रश्न निघतो, "आता कमवायला कधी लागणार?" प्रश्न साधा आहे. पण त्याच्यामागे बँकेचे कर्ज असते, कधी सातबाऱ्यावर बोजाही चढलेला असतो.

शिक्षण संपले की लागलीच हवी ती नोकरी धरता येते, असे नाही. तिथल्या सरकारचा वेगळा परवाना लागतो. त्याला पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिट म्हणतात. अभ्यासक्रम पुरा झाल्याचे संस्थेने कळवले की तेव्हापासून १८० दिवसांत अर्ज करायचा. हा परवाना जन्मात एकदाच मिळतो, आणि तोही सगळ्याच संस्थांच्या विद्यार्थ्यांना नाही.

खरी गोम पुढेच आहे. स्टडी परमिटची मुदत संपण्यापूर्वी कॅनडात राहूनच अर्ज केला, आणि बाकीचे नियम पाळलेले असले, तर निकाल लागेपर्यंत पूर्ण वेळ काम करता येते. मग अर्ज रेंगाळला तरी चूल पेटती राहते. पण समजा, वडील आजारी पडले म्हणून मुलगी परीक्षा देऊन घरी आली आणि इथूनच अर्ज केला. अर्ज तोच, फीही तीच. मात्र परवाना हाती येईपर्यंत तिला तिथे काम करता येत नाही. इकडे बँकेने दिलेली सवलतीची मुदत सरत चाललेली असते. म्हणून घरी येण्याआधी, शक्य असेल तर, अर्ज तिथूनच करावा. परतीचा व्हिसा चालू आहे ना, तेही पाहावे.

"मुदत तर अमुक आठवडे लिहिलीय हो!" असे पालक म्हणतात. कॅनडाचे खाते देशवार मुदत जाहीर करते खरे, आणि ती बदलतही राहते. पण ते वचन नव्हे. मागच्या दहा अर्जांतले आठ किती दिवसांत निघाले, त्यावरून काढलेला तो अडाखा आहे. उरलेले दोन कुणाचे, हे कोण सांगणार? शिवाय दिवस मोजायचे ते अर्ज सर्व कागदांसह पोचल्यापासून. १ नोव्हेंबर २०२४ पासून भाषेच्या परीक्षेचा दाखलाही लागतो. पासपोर्ट लवकर संपणारा असेल तर आधी नवा करावा, कारण परवाना त्याच्यापुढे जात नाही.

अर्ज इथून केला असेल, तर मंजुरी आली तरी टपालाने परवाना येत नाही, पत्र येते. ते दाखवले की कॅनडाच्या विमानतळावर परवाना छापून देतात. मात्र अर्जच तिथे जाऊन करू म्हणाल, तर ती वाट २१ जून २०२४ पासून बंद आहे.

गुरुजींना एक विनंती. "पंधरा दिवसांत काढून देतो" म्हणणारा एजंट गावात आला, तर पालकांना पैसे देण्याआधी थांबवा. अर्ज पुढे सरकवणे त्याच्या हातात नसते.

ब्रिटनला गेलेल्यांचे तर आणखी निराळे. तिथला ग्रॅज्युएट व्हिसा भारतातून मागताच येत नाही. तो तिथे असतानाच मागावा लागतो.